जाधव मास्तरांचा पांढरा

पांढऱ्या रंगावरून माणसाचं डोकं फिरू शकतं हे जाधव मास्तर भेटेपर्यंत मला माहीत नव्हतं. लाल-हिरव्यावरून भांडणं होतात ते मी समजू शकते. पांढऱ्यात भांडायला असतं काय? पण उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या रंगकारखान्यात मी जेवढी वर्षं काढली, त्यातली निम्मी या माणसाशी पांढऱ्यावरून वाद घालण्यात गेली. आज मास्तर नाहीत, तरी कुणाच्या गॅलरीत पांढरी चादर वाळत घातलेली दिसली की मी मनातल्या मनात त्यांच्याशी तावातावाने बोलायला लागते. नवरा विचारतो, कुणाशी भांडतेस? आता काय सांगायचं त्याला.

कारखाना किशनशेठ नावाच्या सिंधी गृहस्थांचा होता. भिवंडीहून कोऱ्या कापडाचे तागे यायचे आणि आमच्याकडून धुऊन, ब्लीच होऊन, कुणी पांढरे तर कुणी रंगीत होऊन परत जायचे. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन लॅबमध्ये लागले होते, बदलापूरच्या बेलवलीहून यायची. मास्तर हेंद्रेपाड्याचे, म्हणजे बदलापूर पश्चिमेचेच, त्यामुळे येता-जाता त्यांची संगत चुकायची नाही. रंगीत माल कुणीही तपासायचं, पण पांढरा लॉट मास्तरांनी ‘पास’ म्हटल्याशिवाय गेटबाहेर पडत नसे. उत्तरेच्या खिडकीपाशी त्यांचं एक टेबल होतं आणि एक लाकडी खुर्ची. किशनशेठ स्वतः आले तरी त्या खुर्चीवर बसत नसत, स्टूल ओढून घ्यायचे.

“पांढरा हा सगळ्यात खोटारडा रंग आहे, सुर्वेबाई,” असं मास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. सुती कापड कितीही ब्लीच करा, अंगचा पिवळेपणा थोडा उरतोच. त्यावर उपाय म्हणून आम्ही एक ऑप्टिकल पावडर घालायचो. उन्हात आपल्याला न दिसणारा एक उजेड असतो, जांभळ्याच्याही पलीकडचा. ही पावडर तो उजेड गिळते आणि त्याच्या बदल्यात दिसणारा निळा उजेड बाहेर टाकते. कापडाचा पिवळा आणि पावडरीचा निळा मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. वरून जांभळट निळीचा अगदी किंचित हात. घरातल्या पिवळ्या बल्बमध्ये तो न दिसणारा उजेड जवळजवळ नसतोच, म्हणून तिथे पावडर झोपलेली राहते आणि उन्हात झगझगणारा सदरा घरात मरगळलेला दिसतो. हे सगळं मास्तर फार सुंदर समजावून सांगायचे. पण समजावून झालं की लगेच असं काही वागायचे की शिकलेलं विसरून नुसता संताप उरावा.

दिवाळीनंतर मी कौतुकाने नवी डाळिंबी साडी नेसून कामावर गेले, तर मास्तरांनी मला लॅबच्या दारातच अडवलं.

“सुर्वेबाई, तिथेच थांबा.”

“का हो?”

“तुमची साडी माझ्या कापडावर पडतेय.”

मी मागे वळून पदर कुठे लागला का ते बघितलं. पदर कुठेच लागला नव्हता. साडीवरून परतलेला तांबूस उजेड त्यांच्या पांढऱ्यावर पडत होता म्हणे. त्यांनी शिपायांच्या गणवेशाच्या कापडातून एक राखाडी डगला शिवून घेतला आणि तो मला घालायला लावला. स्वतः बारा महिने राखाडी शर्ट, राखाडी पँट. टेबलापाशी नेलपॉलिश चालायचं नाही, टिकली मोठी चालायची नाही, पिवळ्या रंगाच्या भुकटीच्या डब्याचं झाकण उघडं ठेवायचं नाही. बाकीच्या बायका मला हसायच्या. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं माझं, आणि मी उंदरासारखी राखाडी होऊन दिवसभर फिरत होते.

घरी तरी हा माणूस सुधारेल, तर नाही. हेंद्रेपाड्यातलं त्यांचं घर बाहेरून-आतून सिमेंटच्या रंगाचं होतं. नवीन माणूस विचारायचा, बांधकाम अजून चालू आहे का. जाधव वहिनींनी हौसेने स्वयंपाकघराला गुलाबी रंग मागितला होता. मास्तर म्हणाले, सकाळी गुलाबी भिंत बघून निघालो की दुपारपर्यंत माझा डोळा बिघडलेला राहतो. वहिनी मला चहा देताना म्हणाल्या, “रंगमास्तराशी लग्न लावून दिलं म्हणून माझ्या मैत्रिणी जळायच्या. या म्हणावं आता बघायला.” मास्तर समोरच बसले होते. त्यांनी ऐकलं, आणि कपातला चहा खिडकीकडे धरून त्याचा रंग बघत बसले.

पण खरं सांगायचं तर माणूस कामात वाघ होता. ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसणारे दोन तुकडे गच्चीवर नेऊन ते क्षणात वेगळे करायचे. कुठल्या लॉटमध्ये पावडर कमी आणि नीळ जास्त पडलीय, हे नुसतं बघून सांगायचे. किशनशेठचा त्यांच्यावर देवासारखा विश्वास. म्हणूनच पुढे जे झालं ते कुणाच्या लवकर लक्षात आलं नाही.

पांढऱ्याचा एक नमुना असतो. प्रत्येक लॉट त्याच्याशी ताडून बघायचा. पण हा नमुना जुना झाला की पिवळा पडतो, म्हणून मास्तर थोड्याथोड्या महिन्यांनी नवा बनवायचे आणि तो निव्वळ डोळ्याने ठरवायचे. मी बाळंतपणाच्या रजेवर गेले आणि परत आले तेव्हा टेबलावर नवा नमुना होता. मी बघितलं आणि बोलून गेले, “मास्तर, हा निळा दिसतोय.”

“निळा?”

“निळसर. जांभळट.”

“रजेत डोळे बिघडले तुमचे,” ते म्हणाले, “जागरणं होत असतील.”

जागरणं होत होती हे खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. मग परत आलेल्या मालाचे गठ्ठे गेटपाशी दिसायला लागले. दुकानदारांचं म्हणणं एकच होतं, नीळ जास्त आहे. मास्तरांकडे प्रत्येकाला उत्तर तयार. आधी ट्यूबलाइट वाईट होत्या, त्या बदलून झाल्या. मग पाणी वाईट होतं. मग पावडर अंबरनाथच्या ज्या कारखान्यातून यायची तिथली माणसं बदमाश होती. शेवटी गिऱ्हाईकच आंधळं होतं. मी रोज सांगायची आणि रोज बोलणी खायची. एकदा तर मी वैतागून दोन कामगारांना आणि कॅन्टीनच्या पोऱ्याला टेबलापाशी बोलावलं आणि विचारलं, काय दिसतं? तिघेही म्हणाले, निळसर. मास्तर म्हणाले, “पांढरं ठरवायला आता मतदान घेणार का?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. किशनशेठने मात्र त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही, परत आलेला माल मुकाट पुन्हा धुवायला लावला.

आणि याच सुमाराला मास्तरांच्या मुलीचं, संगीताचं लग्न ठरलं.

बौद्ध पद्धतीचं लग्न. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत. मास्तरांनी जाहीर केलं की संगीताची साडी दुकानातून येणार नाही, ती ते स्वतः पांढरी करून काढणार. चांगलं तलम कापड आणलं, रविवारी कारखान्यात एकटे आले, स्वतःच्या हाताने ब्लीच केलं, पावडर घातली, नीळ घातली, गच्चीवर वाळवलं. सोमवारी ती साडी मला दाखवताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की आजवर भांडणारी मी, मला त्या दिवशी तोंड उघडवेना. साडी निळी होती. हलकी, पण निळी. मी वहिनींना गाठून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “मला दिसत नाही का? पोरगी म्हणते, बाबांनी केलीय, मी तीच नेसणार. आता मी काय करू?”

लग्न सकाळचं, हेंद्रेपाड्याच्या मोकळ्या मैदानावर, भर उन्हात. इतर कुठल्या लग्नात गोष्ट खपून गेली असती. लाल-पिवळ्या शालूंच्या गर्दीत एवढीशी निळी झाक कोण बघतं? पण इथे नवऱ्याचे कपडे पांढरे, वऱ्हाडातल्या बायका पांढऱ्या साड्यांत, समोर मांडलेल्या आसनावरची चादर पांढरी. आणि त्या सगळ्या पांढऱ्याच्या मधोमध आमची संगीता निळी. त्रिशरण सुरू झालं तरी मागे कुजबुज थांबेना. नवऱ्याची मावशी माझ्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “वडील रंगवाले आहेत ना? नीळ फुकट मिळत असेल.” मला उठून तिला काहीतरी बोलावंसं वाटलं आणि ती खोटं बोलत नव्हती म्हणून अजूनच चीड आली.

फोटो काढताना फोटोवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, “साडी आकाशी आहे का? त्याप्रमाणे मागचा पडदा लावतो.” मास्तर म्हणाले, “पांढरी आहे.” फोटोवाला हसला. त्याला वाटलं, गंमत करतायत. मग मास्तरांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कुणीच त्यांच्या नजरेला नजर देईना. संगीताने पदर सारखा केला आणि म्हणाली, “बाबा, छान आहे साडी.” त्या पोरीच्या त्या एका वाक्याने मास्तरांना जे कळायचं ते कळलं.

वहिनींनी त्यांना अंबरनाथला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. जाताना मलाही बरोबर घेतलं, कारण मी असले की ते निदान भांडण्यासाठी तरी बोलतात. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, “तुमच्या डोळ्यातलं भिंग जुन्या तेलाच्या बाटलीसारखं पिवळं झालंय. निळा उजेड आत नीट पोचतच नाही. मग तुम्हाला सगळं पिवळट दिसणार आणि तुम्ही निळं वाढवत जाणार.” मास्तर खुर्चीत पुढे सरकले. मग एवढंच विचारलं, “कधीपासून?” डॉक्टरांनी हात हलवले. कधीपासून ते कुणाला सांगता येणार?

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आतलं पिवळं भिंग काढून टाकलं. त्या काळी आत दुसरं भिंग सर्रास बसवत नसत, वरून जाडजूड काचेचा चष्मा यायचा. मधल्या काळात शेठने खुर्ची कुणाला दिली नाही. पांढऱ्या मालाच्या नव्या ऑर्डरी घेणंच कमी केलं. मी म्हटलं ना, विश्वास होता.

मास्तर परत आले त्या दिवशी आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो होतो. त्यांनी शेवटचा नमुना उचलला, खिडकीकडे धरला आणि विचारलं, “हे कुणी केलं?”

“तुम्हीच,” मी म्हटलं.

त्यांनी तो खाली ठेवला. मग आधीचा काढला, त्याच्या आधीचा काढला, सगळे ओळीने मांडले. ओळ पांढऱ्यापासून निळ्यापर्यंत सरळ चढत गेली होती. मला वाटलं होतं, आता मला ‘बरोबर होतात तुम्ही’ म्हणतील. म्हटलं नाही. पण सगळे नमुने स्वतः फाडले. मीही सोडून दिलं. म्हटलं, सुटलो एकदाचे.

सुटलो कसले! महिनाभरात माणसाने एकेक लॉट नापास करायला सुरुवात केली. “या दोन ताग्यांत फरक आहे.” आम्ही बघायचो, काही फरक नाही. उन्हात बघायचो, नाही. “हा जिवंत आहे, हा मेलेला आहे,” ते सांगायचे. देवळाच्या नव्या ऑइलपेंटला पिवळट म्हणायचे आणि जुन्या चुन्याच्या भिंतीपुढे डोळे दिपल्यासारखे मिचकावत उभे राहायचे. कारखान्यातल्या बायका म्हणायला लागल्या की मास्तरांच्या डोक्यात ऑपरेशनची हवा गेली.

आमच्याकडे पावडर तपासायला एक काळ्या काचेचा दिवा होता. तो फक्त तो न दिसणारा उजेड टाकतो. अंधारात लावला की दिवा स्वतः आपल्याला जेमतेम जांभळा दिसतो, आणि पावडर लावलेलं कापड मात्र निळं पेटतं. मी तो सहज लावला, तर मास्तरांनी डोळ्यांवर हात धरला. “अहो, केवढा उजेड! बंद करा.” मला वाटलं, थट्टा करतायत. पण हा माणूस पांढऱ्यावरून कधी थट्टा करत नसे. मग मी त्यांनी वेगळे सांगितलेले दोन तुकडे त्या दिव्याखाली धरले. एक भगभगून पेटला, दुसरा काळोखात जेमतेम दिसला. एकात पावडर पुरेशी होती, दुसऱ्यात अगदी थोडी, बाकीची कसर निळीने भरून काढलेली. आमच्या डोळ्याला दोन्ही सारखे, पण मास्तर म्हणत होते ते खरं होतं.

मी पळत जाऊन डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, होतं असं कुणाकुणाला. डोळ्यातलं भिंग तो पलीकडचा उजेड अडवतं. तुम्हाआम्हाला तो दिसत नाही तो त्यामुळेच. यांचं भिंगच काढलंय, त्यामुळे थोडा आत शिरतो. फिक्या पिवळ्या काचेचा चष्मा लावला की तो पुन्हा अडेल, आणि चारचौघांना दिसतं तसं दिसेल. एवढं साधं उत्तर! मी खूश होऊन मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “इतकी वर्षं पिवळ्या काचेतून बघून पोरीचं लग्न निळं केलं. आता पैसे देऊन पुन्हा पिवळी काच लावू?” मी समजावलं, शेठने समजावलं, वहिनी रडल्या. एकच पालुपद, नाही.

शेवटी किशनशेठने त्यांना समोर बसवलं. मी तिथेच होते. शेठने तेच दोन तुकडे टेबलावर ठेवले आणि हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, तुम बोलता वो सही होगा. बाईने दिव्यात दाखवलं, मी बघितला. पन मेरा गिराक दिवा लेके दुकान में नहीं आता. उसको सेम दिखता है, तो सेम है.”

“सेम नाही, शेठ.”

“मग चष्मा लावा. खुर्ची आपकी है.”

मास्तर उठले, आपला राखाडी शर्ट झटकला, आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठवड्याने शेठने मला बोलावलं आणि त्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मला राग कुणाचा यावा तेच कळेना.

पुढच्या रविवारी मी स्वतःच फिक्या पिवळ्या काचा घालून एक चष्मा करून घेतला, त्यांच्या जाड चष्म्यावर अडकवता येईल असा, आणि तडक हेंद्रेपाड्याला गेले. बरोबर त्या आठवड्यातल्या दोन लॉटचे तुकडे. मी काही बोलायला नको म्हणून तो चष्मा त्यांच्या हातातच कोंबला. कोण जाणे कसं, पण वहिनींच्या तोंडाकडे बघून त्यांनी तो लावला. दारात उन्हात उभे राहिले आणि दोन्ही तुकडे धरले.

“पास,” ते म्हणाले. “दोन्ही पास.”

बरोबर होतं. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, “झालं ना, मास्तर? उद्यापासून या. मी सांगते शेठना. माझं स्टूल मला बरं आहे.”

त्यांनी वरचा चष्मा काढला आणि परत तेच तुकडे बघितले. मग उजवा तुकडा माझ्यापुढे धरला.

“यात आहे काहीतरी, सुर्वेबाई. दुसऱ्यात नाही.”

“काय आहे?” मी जवळजवळ ओरडलेच. “मास्तर, एकदा मला नीट सांगा, काय दिसतं तुम्हाला? जांभळं? निळं?”

“जांभळं नाही.” ते थांबले. “निळं तर नाहीच. पांढऱ्यातच आहे, पण...” पुन्हा थांबले. आयुष्यभर रंगांवर बोलत आलेला माणूस, तोंड उघडं ठेवून शब्द शोधत होता. वहिनींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “कुणाला विचारू?” ते म्हणाले. “दुसरं कुणी बघितलेलंच नाही ना हे.”

मग त्यांनी पिवळा चष्मा नीट पुसला, घडी घालून माझ्या हातात परत दिला, आणि तुकडा तेवढा ठेवून घेतला. मी रागाने निघाले. कोपऱ्यावरून वळताना बघितलं, तर ते अजून उन्हातच उभे होते, तुकडा वर धरून, आणि वहिनी त्यांच्या खांद्याशी येऊन, मान तिरकी करून, त्यांना दिसतंय ते आपल्याला दिसतंय का ते बघत होत्या.